आभासी विश्व आणि अभ्यासाची मंडळी



या स्मृतिव्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो प्रथमदर्शनी चलथाणसारख्या गावाशी सुसंगत वाटणार नाही. संगणकावर उभारलेली काल्पनिक विश्वे आणि त्यांत एकत्र जमून शिकणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, असा हा विषय आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच होय. परंतु तापी खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने खानदेशातली माणसे एका पिढीमागून दुसऱ्या पिढीला या बाजूला आणली, कोणी साखर कारखान्याच्या उसासाठी कोयता घेऊन आला, कोणी रंगाई-छपाईच्या गिरणीत लागला, आणि त्यांची मुले आपल्या या शाळेच्या बाकांवर बसली. त्यांपैकी जी पुढे बारडोली अथवा सुरतेच्या महाविद्यालयात जातात, त्यांतील बहुतेकांच्या घरी महाविद्यालयाची पायरी त्यापूर्वी कोणी चढलेले नसते. अशा मुलाला तेथे काय कमी पडते? पुस्तके ग्रंथालयात मिळतात, शुल्काची सोय कशीबशी होते. कमी पडते ती अभ्यासाची मंडळी. डॉक्टर-वकिलांच्या मुलाला ती घरातच, जेवणाच्या ताटावर लाभते. आपल्या मुलाला ती शोधावी लागते. संगणकाने ती मंडळी दुरून आणून देता येईल, असे गेली चाळीस-पन्नास वर्षे सांगितले जात आहे. हे आश्वासन किती खरे ठरले, याचा इतिहास तपासणे हा माझा आजचा हेतू आहे.

आरंभी शब्दाविषयी थोडेसे. ‘आभासी’ हे विशेषण मराठी विद्यार्थ्याला संगणकाच्या पुष्कळ आधी भेटलेले आहे. प्रकाशाच्या धड्यात आरशातील प्रतिमेला आपण आभासी प्रतिमा म्हणतो, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. पण तिच्याकडे पाहून दाढी उत्तम करता येते! म्हणजे आभासी याचा अर्थ खोटे असा नव्हे, हे पदार्थविज्ञानाने आपल्याला शिकवून ठेवले आहे. दुसरा शब्द ‘अवतार’. संगणकाच्या विश्वात वावरणाऱ्या माणसाच्या प्रतिरूपाला जगभर हाच संस्कृत शब्द वापरतात. १९७९ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावरील एका खेळाचे नावच ‘अवतार’ असे होते, आणि १९८६ च्या सुमारास ल्यूकासफिल्म कंपनीने ‘हॅबिटॅट’ नावाचे सचित्र सामुदायिक विश्व चालू केले तेव्हा त्यातील पात्रांना हे नाव देण्यात आले. सिंधुदुर्गातील दशावतारी नट लिखित संहितेशिवाय रंगमंचावर उभा राहतो, समोरच्याने काय म्हटले त्यावरून आपले संवाद रचतो, आणि प्रेक्षकांना मुखवट्यामागचा माणूस कोण हे पक्के ठाऊक असते. आभासी विश्वातील शिक्षणाला हीच तीन सूत्रे लागतात, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल. कायद्याच्या महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालये, शाळा-महाविद्यालयांतील अभिरूप संसद हीसुद्धा याच कुळातील. त्यांना वीजही लागत नाही.

आता मुख्य इतिहासाकडे वळतो, आणि तो मी कॅलिफोर्नियापासून नव्हे तर पुण्यापासून सांगणार आहे.

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळात वीसएक ग्रामस्थ असत. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावकारभाराचे. मूळ कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची होती : ऐकावे, चर्चा करावी आणि त्यानुसार काही करावे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होई आणि मंडळी बोलू लागत. त्यांच्या शंका व निर्णय पुण्याला कळवले जात आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. त्या काळात यंत्राकडून माणसाकडे येणाऱ्या एकेरी वाटेला परतीची वाट जोडण्याचा हा प्रयत्न होता.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, आणि माझ्या मते त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट ही की त्यांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे निवडली. काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते; काहींत रेडिओही नव्हता. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तेथे वाढ फारच थोडी आढळली. यंत्र तेच, कार्यक्रम तेच, आवाज तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतर बोलायला समोर माणूस होता की नव्हता, एवढ्याने. दूरशिक्षणाच्या इतिहासात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. तो मराठी मुलुखात, मराठी भाषेत मिळाला आणि आपणच तो विसरलो, ही बाब मला अस्वस्थ करते. ती मंडळे शेतकऱ्यांची होती, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची नव्हती, हे मान्य. पण त्यातून निघालेला धडा वयाला अथवा पदवीला बांधलेला नाही.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच लागले. वर्ष संपले, उसना घेतलेला उपग्रह परत गेला आणि प्रयोग थांबला. आपल्या गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज येथील प्रक्षेपकावरून स्थानिक कार्यक्रमांचा उपक्रम मात्र त्यानंतरही काही वर्षे टिकला. १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. पुणे विद्यापीठाचे माध्यम केंद्र त्यासाठी कार्यक्रम तयार करीत असे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू होते, आणि त्या विद्यापीठाने गावोगावच्या अभ्यासकेंद्रांवर जो भर दिला त्यात, पुस्तक घरी पोहोचले म्हणजे विद्यार्थी शिकला असे होत नाही, ही जाणीव दिसते. देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम पुष्कळदा उत्कृष्ट असत. परंतु तो वर्ग म्हणजे वर्ग नव्हताच. प्रत्येक जण आपापल्या घरी एकटा पाहत होता.

याच काळात अमेरिकेत व इंग्लंडात जे घडत होते त्याची दिशा याच्या नेमकी उलट होती. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ नावाची संगणकीय अध्यापनाची पद्धती उभारण्यास आरंभ केला. तिचा हेतू एकेकट्या विद्यार्थ्याला यंत्राने शिकवावे हा होता. यंत्र प्रश्न विचारील, विद्यार्थी उत्तर देईल, चुकले तर यंत्र पुन्हा समजावील. पण १९७३ साली त्याच यंत्रणेवर काही तरुणांनी एकाच वेळी अनेकांना परस्परांशी लिहून बोलता येईल अशी सोय केली, आणि त्याच वर्षी डेव्हिड वूली नावाच्या, अद्याप विशीही न गाठलेल्या मुलाने सामायिक टिपणवही तयार केली. पाहता पाहता विद्यार्थी यंत्राशी बोलण्याऐवजी यंत्रातून एकमेकांशी बोलू लागले. खेळ निघाले, वाद झाले, मैत्री जुळली. योजकांनी शिक्षक घडवला होता. विद्यार्थ्यांनी त्याचा कट्टा केला. मला ही घटना फार बोलकी वाटते, कारण येथे मंडळी कोणी योजून जमवली नव्हती, ती आपण होऊन जमली.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि पाठोपाठ रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांनी रचलेले एक विश्व तयार केले. त्यात चित्र एकही नव्हते. आपण एका रस्त्यावर उभे आहात, उत्तरेला वाडा आहे, अशा धर्तीची वाक्ये पडद्यावर उमटत आणि खेळणारे लिहूनच चालत, बोलत, झगडत. हा खेळच होता. पण त्याच्यापासून पुढे जी वंशावळ निर्माण झाली तिच्यात शिक्षणाची शाखा लवकरच फुटली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० मध्ये अशाच शब्दमय विश्वात रहिवाशांना स्वतः वस्तू व खोल्या रचण्याची मुभा दिली. १९९३ मध्ये एम. आय. टी. मधील संशोधिका एमी ब्रुकमन यांनी माध्यमांच्या अभ्यासकांसाठी ‘मीडिया-मू’ उघडले. त्यात लेखनाचे अध्यापन करणारे प्राध्यापक दर मंगळवारी रात्री एका काल्पनिक उपाहारगृहात जमून आपल्या विषयाची चर्चा करीत. त्याच वर्षी ‘डायव्हर्सिटी युनिव्हर्सिटी’ या नावाने संपूर्ण विद्यापीठाचे आवारच शब्दांत उभे राहिले आणि निरनिराळ्या महाविद्यालयांचे अध्यापक आपले वर्ग तेथे भरवू लागले. धीम्या दूरध्वनीच्या तारांवरून हे चालत असे. आजच्या साध्यातल्या साध्या भ्रमणध्वनीची शक्ती त्या काळातील संगणकांपेक्षा कितीतरी अधिक आहे, हे लक्षात ठेवावे, कारण पुढे मी त्याकडे परत येणार आहे.

यानंतर चित्रांचे युग आले. २००३ च्या जून महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडन लॅब या कंपनीने ‘सेकंड लाइफ’ हे विश्व सर्वांना खुले केले. त्यात जमीन विकत घेता येई, इमारती बांधता येत. २००६ ते २००८ या काळात विद्यापीठांची तेथे अक्षरशः रीघ लागली. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे चार्ल्स नेसन आणि त्यांच्या कन्या रिबेका नेसन यांनी २००६ च्या शरदात एक अभ्यासक्रम चालवला. कायद्याचे नियमित विद्यार्थी केंब्रिजमधील वर्गात बसत, आणि विस्तार शाखेचे, जगभर विखुरलेले विद्यार्थी आपापल्या अवताराने सेकंड लाइफमधील बेटावर जमत. त्या बेटावर हार्वर्डच्या अभिरूप न्यायालयाच्या दालनाची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठानेही तेथे आपली बेटे वसवली. मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला सहाध्यायी क्वचितच प्रत्यक्ष भेटतो, त्यामुळे त्यांची ओढ समजण्यासारखी होती.

तरीही बहुतेक बेटे काही वर्षांतच ओस पडली. याची कारणे दिली जातात ती तांत्रिक असतात : संगणक जड लागत, जोडणी तुटत असे, नवशिक्याला चालायला-उडायला शिकण्यातच पहिले दोन तास जात. पैशाचेही कारण होते. २०११ च्या आरंभी कंपनीने शिक्षणसंस्थांना दिलेली निम्म्या दराची सवलत बंद केली, आणि २०१३ मध्ये ती परत दिली तोवर अनेक संस्था निघून गेल्या होत्या. काहींनी ‘ओपन सिम्युलेटर’ या मुक्त आज्ञावलीवर स्वतःची विश्वे उभारली. पण मला वाटते खरे कारण वेगळे आहे. पुष्कळशा विद्यापीठांनी त्या बेटांवर काय बांधले? व्याख्यानाची दालने. रांगेने खुर्च्या, समोर फळा, फळ्यापुढे प्राध्यापकाचा अवतार. ज्या विश्वात उडता येते, भिंती हलवता येतात, शंभर वर्षांपूर्वीचे शहर वसवता येते, तेथे जाऊन त्यांनी बाके मांडली! विद्यार्थी आले, बसले आणि कंटाळले. हार्वर्डच्या वर्गाचे जे नाव राहिले ते न्यायालयाच्या भव्यतेमुळे नव्हे. तेथे विद्यार्थ्यांना बाजू मांडायची होती, म्हणजे करायला काम होते.

या म्हणण्याला आधार देणारे एक उदाहरण घेतो. ते महाविद्यालयीन नाही, त्याहून खालच्या वर्गांचे आहे, पण त्याची रचना उच्च शिक्षणाने अभ्यासावी अशी आहे. ख्रिस डीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात ‘रिव्हर सिटी’ हे विश्व तयार केले. डीड पुढे हार्वर्डमध्ये होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नदीकाठचे एक शहर. त्यात लोक आजारी पडत आहेत. विद्यार्थ्यांच्या छोट्या तुकड्या या शहरात उतरतात, रहिवाशांशी बोलतात, दवाखान्याच्या नोंदी पाहतात, पाण्याचे नमुने घेतात, डासांची मोजणी करतात. रोग एक नसून तीन आहेत, एक पाण्याचा, एक कीटकांचा, एक माणसाकडून माणसाला होणारा. आणि त्यांची लक्षणे एकमेकांत मिसळलेली आहेत. एकट्या विद्यार्थ्याला सर्व ठिकाणी पोहोचता येत नाही. म्हणून तुकडीने कामे वाटून घ्यायची, परत येऊन पुरावे जुळवायचे, तर्क मांडायचा, तो तपासायचा, आणि शेवटी नगराध्यक्षाला पत्र लिहायचे. ज्या सुरतेने १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगचे दिवस पाहिले आणि ज्या सुरतेने त्यानंतर स्वतःची साफसफाई करून देशाला चकित केले, तिच्या परिसरातील श्रोत्यांना या रचनेचे मोल मी वेगळे सांगायला नको. येथे मंडळी ही शोभा नव्हती, गरज होती. माहितीच अशा रीतीने विखरून ठेवली होती की बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

भारतात याच काळात काय झाले? ३ फेब्रुवारी २००९ रोजी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि त्याच्या अंतर्गत ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ अर्थात आभासी प्रयोगशाळांचा प्रकल्प उभा राहिला. दिल्लीच्या आय. आय. टी. ने नेतृत्व केले; बारा संस्था सहभागी झाल्या, त्यांत मुंबईची आय. आय. टी. होती आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही होते. शंभराहून अधिक प्रयोगशाळा आणि सातशेच्या वर प्रयोग विनामूल्य उपलब्ध झाले. ज्या महाविद्यालयात उपकरण नाही, अथवा असून कपाटात कुलूपबंद आहे, तेथील विद्यार्थ्याला हे मोठेच साहाय्य होते. मुंबईच्या आय. आय. टी. त प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने तर एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी एका छोट्या पट्टीवर तापक, पंखा व तापमापक बसवले आणि अशी अनेक उपकरणे दूरच्या विद्यार्थ्यांना दिवसरात्र चालवता येतील अशी व्यवस्था केली. येथे प्रयोग खरा होता, उपकरण खरे होते, विद्यार्थीच काय तो दूर होता.

या प्रकल्पाविषयी मला आदर आहे, आणि तरीही इतिहासकार म्हणून एक गोष्ट नोंदवावी लागते. यातील बहुतांश प्रयोग एकट्याने करायचे आहेत. उद्दिष्ट वाचा, सिद्धान्त वाचा, पूर्वचाचणी द्या, प्रयोग करा, स्वयंमूल्यमापन करा. प्रत्यक्ष प्रयोगशाळेत एका मेजाभोवती चारजण असतात. एक वाचन घेतो, एक लिहितो, एक उगाच स्क्रू फिरवतो आणि चौथा विचारतो की हे असे का होते. आभासी प्रयोगशाळेत हा चौथा मुलगा गळाला. पुण्याच्या रेडिओ प्रयोगात मंडळी होती पण विश्व नव्हते. येथे विश्व आले आणि मंडळी नाहीशी झाली.

अपवाद होता, आणि तो मुंबईतूनच आला. आय. आय. टी. मुंबईचे प्रा. दीपक फाटक यांनी हजारो अध्यापकांसाठी दूरस्थ कार्यशाळा चालवल्या. २०१२ च्या नोव्हेंबरात झालेल्या एका कार्यशाळेत देशभरातील शेकडो केंद्रांवरून सुमारे दहा हजार अध्यापक एकाच वेळी सहभागी झाले होते. व्याख्यान पवईहून होई, अमृता विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘ए-व्ह्यू’ या प्रणालीतून ते सर्वत्र पोहोचे आणि केंद्रावरून प्रश्नही विचारता येत. पण केंद्रावर अध्यापक एकत्र जमलेले असत, आणि प्रात्यक्षिके तेथेच, स्थानिक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली होत. १९५६ च्या श्रोतृमंडळाची आठवण व्हावी अशीच ही रचना होती, मग ती जाणून घेतलेली असो वा नसो.

नंतर २०२० आले. मार्चअखेर देश बंद झाला, महाविद्यालये बंद झाली. आपल्या पलसाणा तालुक्यात त्या वेळी काय परिस्थिती होती ते येथे बसलेल्यांना ठाऊक आहे. ४ मे रोजी वरेली येथे गावी जाऊ पाहणाऱ्या कामगारांचा आणि पोलिसांचा जो संघर्ष झाला त्याच्या बातम्या देशभर गेल्या. ज्या घरातील माणसे उद्याच्या रेल्वेची वाट पाहत होती त्या घरातील विद्यार्थ्याने ‘ऑनलाइन’ वर्गाला बसावे अशी अपेक्षा होती. घरात एकच भ्रमणध्वनी, तोही वडिलांचा. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ‘फ्लॅश’ ही प्रणाली जगातून निवृत्त झाली आणि तिच्यावर रचलेले जुने आभासी प्रयोग नव्या पद्धतीत उतरवण्याचे काम निकडीचे झाले. गरज सर्वाधिक असतानाच साधन बदलावे लागले, असा हा योग.

आणि त्याच वर्षी, २३ ऑगस्ट २०२० रोजी, मुंबईच्या आय. आय. टी. चा पदवीदान समारंभ आभासी दालनात झाला. प्रत्येक स्नातकाचा अवतार तयार करण्यात आला होता. संचालक सुभासिस चौधुरी यांच्या अवताराने त्याला पदवी दिली. नोबेल पारितोषिकाचे मानकरी डंकन हाल्डेन प्रमुख पाहुणे होते आणि पदके त्यांच्या अवताराच्या हस्ते दिली गेली. अनेकांनी याची चेष्टा केली. मी करणार नाही. ज्या मुलाने चार वर्षे कष्ट केले त्याचे नाव पुकारले गेले आणि ते त्याच्या आईवडिलांनी घरबसल्या पाहिले, याला अर्थ आहे. तरी हे सामूहिक शिक्षण नव्हते, सामूहिक सोहळा होता. आभासी विश्व सोहळ्याला लवकर साधते. अभ्यासाला साधायला कष्ट पडतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार केलेला आहे, २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान व गणिताच्या ७५० आभासी प्रयोगशाळांची घोषणा झाली. शालेय स्तरावर मुंबईच्या सी-डॅकने आणि अमृता विद्यापीठाने मिळून तयार केलेल्या ‘ओ-लॅब्ज’ मधील प्रयोग मराठीतही आले, ही आपल्या शाळेच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट होय. पण महाविद्यालयात गेल्यावर भाषा तुटते. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती, वर्गात गुजराती अथवा इंग्रजी, असा प्रवास करणारा विद्यार्थी मनातल्या मनात चार वेळा भाषांतर करीत असतो. त्याला शंका विचारायला मराठीत बोलणारा सहाध्यायी मिळाला तर त्याचे अर्धे ओझे उतरते. तो सहाध्यायी सुरतेत नसेल, जळगावला असेल, नंदुरबारला असेल. येथेच आभासी विश्वाची खरी जागा आहे असे माझे मत झाले आहे. जे एका खोलीत जमू शकतात त्यांच्यासाठी खोलीच बरी. जे एका नदीच्या काठी विखुरले आहेत त्यांच्यासाठी दुसरे काही हवे.

नदी म्हटल्यावर तापी डोळ्यांसमोर येणे साहजिक आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेला विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पोहोचला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. त्या प्रसंगाची चर्चा अजून संपलेली नाही, कारण त्यात एकच एक दोषी सापडत नाही. पाऊस वरच्या खोऱ्यात, मध्यप्रदेशात व महाराष्ट्रात पडला. जळगाव जिल्ह्यात हतनूर, नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशा, मग उकाई, मग काकरापार आणि अखेरीस सुरत. उकाईच्या जलाशयाची पूर्ण पातळी ३४५ फूट. ऑगस्टमध्ये तो रिकामा ठेवावा तर पुढे पाऊस न पडल्यास कालवे कोरडे राहण्याची धास्ती, आणि याच उकाई-काकरापारच्या कालव्यांवर आपल्या परिसरातला ऊस उभा असतो, ज्यावर चलथाणचा कारखाना चालतो. भरलेला ठेवावा तर सुरतेच्या जिवाला घोर. उन्हाळ्यात ज्या पाण्यासाठी एक माणूस धरणाकडे आशेने पाहतो, त्याच पाण्याला दुसरा पावसाळ्यात भितो. आणि पुष्कळदा ते दोघे एकाच कुटुंबातले, एक चलथाणचा आणि दुसरा सुरतेच्या नदीकाठच्या वस्तीतला, असतात.

हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याने सोडवण्याचा नाही. ‘रिव्हर सिटी’ पेक्षाही तो अधिक विखुरलेला आहे. म्हणून माजी विद्यार्थी मंडळापुढे मी एक योजना ठेवतो. आपल्या शाळेतून गेलेले आणि आज स्थापत्य, भूगोल, अर्थशास्त्र, विधी अशा निरनिराळ्या शाखांत शिकणारे पाच-सहा विद्यार्थी, आणि त्यांचे खानदेशातील तितकेच नातलग अथवा मित्र, यांची एक तुकडी करावी. डोळ्यांवर लावायची महागडी उपकरणे आणू नयेत. एसेक्सच्या विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये जे नुसत्या शब्दांत केले ते आज साध्या भ्रमणध्वनीवर, मराठीत, करता येते. नदीचा एक नकाशा, पाण्याच्या हिशेबाचा एक तक्ता आणि सर्वांना लिहिता येईल अशी सामायिक जागा एवढे पुरे. हतनूरचे दरवाजे भुसावळकडच्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावेत. ते पाणी उकाईला केव्हा पोहोचेल याचा हिशेब नंदुरबारच्या मुलीने करावा. उकाई एकाकडे, कालवे आणि ऊस चलथाणच्या मुलाकडे, सुरतेचा नदीकाठ आणखी एकीकडे. प्रत्येकाला आपल्या ठिकाणचेच आकडे दिसावेत, दुसऱ्याचे विचारावे लागावेत. पाऊस किती पडतो हे शिक्षकाने ठरवावे आणि ते आधी सांगू नये.

शाळेच्या संगणकखोलीत रविवारी दुपारी यंत्रे मोकळी असतात. ज्यांच्याकडे भ्रमणध्वनी नाही त्यांनी तेथे यावे, एका यंत्रापुढे दोघांनी बसावे. पहिली फेरी जूनमध्ये, प्रत्यक्ष पाऊस सुरू होण्यापूर्वी व्हावी. प्रत्येक निर्णय कोणी, केव्हा आणि कोणाला विचारून घेतला याची नोंदवही ठेवावी, आणि ती नोंदवही पुढील वर्षाच्या व्याख्यानाच्या दिवशी येथे, या सभागृहात, वाचून दाखवावी.